वसाहतीमागचा कांगारूंचा कळप आणि आठ-दहा घरं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मेलबर्नच्या उत्तरेला, मर्नडाच्या बाजूला नव्या वसाहतीत तुम्ही दोन वर्षांपूर्वी राहायला आलात. मागच्या माळावर वीस-पंचवीस कांगारूंचा कळप आहे. गेल्या महिन्यात वळणावर एक मादी गाडीखाली आली आणि रात्रभर तिथेच पडून राहिली. तिच्या पिशवीत पिल्लू होतं हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, तोवर ते गेलं होतं. तेव्हापासून गल्लीतल्या आठ-दहा कुटुंबांना, त्यातली चार मराठी, काहीतरी करावंसं वाटतंय. या कळपाला खायला-प्यायला घालावं का, पिल्लू सापडलं तर घरी वाढवता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

मी चौदा वर्षं याच पट्ट्यात जखमी कांगारूंना सोडवायचं आणि अनाथ पिल्लं वाढवायचं काम करते आहे. अनुभवातून आलेलं सगळंच सांगते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी त्या मादीबद्दल. रात्री तिथून किती गाड्या गेल्या असतील! प्रत्येकाला वाटलं असेल, दुसऱ्या कुणीतरी फोन केलाच असेल. आई मेल्यावरही पिल्लू पिशवीत कित्येक तास जिवंत राहू शकतं, कधी एक-दोन दिवससुद्धा. म्हणजे त्या पिल्लाला वेळ होता, फक्त थांबून बघणारं कुणी नव्हतं. तुमच्या आठ-दहा घरांनी एवढं एकच काम मनापासून अंगावर घेतलं, की आपल्या तीन-चार रस्त्यांवर पडलेला एकही कांगारू न तपासता राहणार नाही, तरी दरवर्षी काही जीव वाचतील. बाकी सगळं त्यानंतर.

तपासायचं कसं ते नीट सांगते, कारण घाईत चुका होतात. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या, चारही दिवे लुकलुकत ठेवा, चमकणारं जाकीट घाला. या कामात माणूस जखमी होण्याचं कारण कांगारूपेक्षा मागून येणारी गाडी असते. प्राण्याची थोडीही हालचाल दिसली तर जवळ जाऊ नका, मागच्या पायाची एक लाथ पोट फाडू शकते. लांब उभं राहून वाइल्डलाइफ व्हिक्टोरिया या वन्यजीव बचाव संस्थेला ०३ ८४०० ७३०० वर फोन करा, तो चोवीस तास चालतो. प्राणी नक्की मेलेला असेल आणि मादी असेल, तर हातमोजे घालून पिशवी बघायची. पिशवीचं तोंड डोक्याच्या बाजूला असतं. दोन बोटांनी कडा सैल करून टॉर्चच्या उजेडात आत बघा.

अंगावर लव आलेलं आणि सडापासून सुटं झालेलं पिल्लू असेल, तर त्याला अलगद बाहेर घेऊन सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा, तोंड सैल बांधा आणि आपल्या स्वेटरच्या आत, छातीशी धरा. अंधार, ऊब आणि शांतता. दूध नाही, पाणी नाही, साखरपाणी तर नाहीच. गुलाबी, बिनलवेचं पिल्लू असेल तर ते सडाला घट्ट चिकटलेलं असतं, सडाचं टोक त्याच्या तोंडात फुगलेलं असतं. ते ओढू नका. ओढलं की जबड्याला आणि टाळूला इजा होते. फोनवर मदत घ्या. अनुभवी माणूस तो सड आईच्या अंगाजवळ कापतो आणि दुसरं टोक कापडाला सेफ्टी पिनने टाचतो, म्हणजे ते पिल्लाच्या घशात जात नाही. ऐकायला कठीण वाटतं, पण हाताला सवय झाली की दोन मिनिटांचं काम आहे.

आणि पिशवी रिकामी असली तरी लगेच निघू नका. एखादा सड लांब, ताणलेला, ओलसर दिसला, तर त्याचा अर्थ बाहेर हिंडणारं, अजून दूध पिणारं पिल्लू जवळपास आहे. ते गवतात दबकून बसलेलं असतं आणि अंधार पडला की आईला शोधत तिथेच येतं. अशी पिल्लं मी तीन वेळा दुसऱ्या संध्याकाळी पकडली आहेत, तिन्ही त्याच जागी. तपासून झालं की धूड रस्त्याच्या कडेपासून लांब ओढा, म्हणजे ते खायला येणारे गरुड आणि कोल्हे गाडीखाली येत नाहीत, आणि अंगावर चमकत्या रंगाने फुली मारा. इथे रस्त्याकडेला तुम्हाला अशी फुली मारलेली कांगारूंची धुडं दिसली असतील. तिचा अर्थ एवढाच, की कुणीतरी थांबलं होतं, पाहिलं होतं, तुम्ही पुढे जा.

आता खायला घालण्याचं. याबाबत मी ठाम आहे: घालू नका. आपल्याकडे दारात आलेल्याला चार घास देण्याची रीत आहे, म्हणून 'नाही' म्हणणं जड जातं, मला कळतं. पण पाव, बिस्किटं, गाजरं, चपात्या ही त्यांच्यासाठी गवताची बदली होऊ शकत नाही. एका जागी खाणं टाकलं की कळप तिथे दाटी करतो, तिथेच लेंड्या पडतात, त्यातच तोंड घालून खातात. मऊ किंवा टोचणाऱ्या खाण्याने हिरड्या दुखावतात आणि जिवाणू जबड्याच्या हाडात शिरतात. जबडा सुजतो, हाड सडतं, जनावर उपाशी मरतं. 'लंपी जॉ' म्हणतात त्याला. आमच्या शेडमध्ये असं एक जनावर आलं होतं, एका सुट्टीच्या घरामागे रोज पाव खाणारं. त्याला वाचवण्यासारखं आमच्या हातात काहीच उरलं नव्हतं.

शिवाय माणसाच्या हाताची सवय झाली की मोठे नर अंगावर येतात. न्यू साउथ वेल्समध्ये मोरिसेटला जुन्या इस्पितळाच्या आवारातल्या कांगारूंना बघायला सिडनीहून पर्यटकांची रीघ लागायची, त्यात आपली मंडळीही भरपूर. हातातलं गाजर संपलं की कांगारू ओरबाडायचे. २०१८ मध्ये लोक जखमी झाल्याच्या बातम्या सगळीकडे आल्या. ईस्टर्न ग्रे जातीचा पूर्ण वाढलेला नर साठ किलोच्या वर जातो. त्यात त्याचा दोष शून्य आहे, पण तक्रार झाली की गोळी त्यालाच लागते. पाण्याचं म्हणाल तर तुमच्या भागात तळी आणि नाले आहेत, नेहमीच्या उन्हाळ्यात त्यांना वेगळं पाणी लागत नाही. वणव्यानंतर किंवा लागोपाठ कडक उन्हाचे दिवस आले तर जाणत्यांशी बोलून, कुत्र्यांपासून आणि रस्त्यापासून लांब, ठरावीक दिवस ठेवायचं.

तुमच्याच पट्ट्यातली आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. इथल्या शरद ऋतूच्या अखेरीला आणि हिवाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑगस्टमध्ये, एखादा कांगारू दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाताना, मान थरथरवताना, उडी मारताना कोलमडताना दिसेल. लोकांना वाटतं गाडी लागली असेल, किंवा कुणी विष घातलं. बहुतेकदा ते फॅलॅरिस नावाच्या गवताने होतं. हे गवत गुरांच्या चाऱ्यासाठी बाहेरून आणलेलं, आणि मेलबर्नच्या उत्तरेकडच्या माळांवर भरपूर आहे. त्यातलं विष मज्जासंस्थेवर चढतं आणि खात्रीचा उपचार नाही. असं जनावर दिसलं तर त्याचा पाठलाग न करता लांबून व्हिडिओ घ्या, जागा नोंदवा आणि फोन करा. त्याला धावायला लावू नका.

पाठलाग का नको, हे सगळ्या घरांना, विशेषतः कुत्री पाळणाऱ्यांना समजावून सांगा. कांगारू घाबरून जिवाच्या आकांताने धावला किंवा तारेत अडकून झटापट करत राहिला, की त्याचे स्नायू आतून तुटायला लागतात. त्या क्षणी तो ठीक दिसतो, उड्या मारत निघूनही जातो, आणि काही दिवसांनी ताठरून मरतो. म्हणून कुंपणाच्या वरच्या दोन तारांत पाय पिळून लटकलेला कांगारू दिसला तर तारा कापून त्याला पळू देऊ नका. सोडवलं की वाचवलं, असं इथे होत नाही. डोक्यावर गोधडी किंवा जाड टॉवेल टाकून डोळे झाका, बोलणं बंद करा, पोरांना लांब पाठवा आणि प्रशिक्षित माणूस येईपर्यंत थांबा. तो भूल देऊन पाय तपासतो. बऱ्याचदा त्या प्राण्याला वेदनेतून सोडवणं एवढंच उरतं. या कामात येणाऱ्या प्रत्येकाने हे आधी मनाशी पक्कं करावं, कारण पहिल्यांदा ते बघताना माणूस हादरतो. त्या रात्री त्याला एकटं घरी पाठवू नका. चहा करा, बसा.

पिल्लू घरी वाढवता येईल का? परवान्याशिवाय नाही. व्हिक्टोरियात १९७५ चा वन्यजीव कायदा आहे, त्याखाली मान्यता मिळालेले वन्यजीव निवारे असतात आणि त्यांच्या हाताखाली पालक-काळजीवाहक काम करतात. तुमच्यातल्या कुणाला खरंच करायचं असेल तर जवळच्या निवाऱ्यात आधी काही महिने साफसफाई करा, धुणी धुवा, बाटल्या उकळा. तिथे जे शिकाल ते दुसरीकडे कुठेच शिकायला मिळत नाही.

कारण हे पिल्लू म्हणजे कुत्र्याचं पिल्लू नव्हे. ईस्टर्न ग्रे मादीला साधारण छत्तीस दिवसांनी वेण येते आणि जन्मणारा जीव शेंगदाण्याएवढा, एक ग्रॅमही भरत नाही. तो आईच्या अंगावरून चढत पिशवीत जातो आणि पुढचे दहा-अकरा महिने त्याचं खरं वाढणं तिथेच होतं. दूध वयाप्रमाणे बदलत जातं. एकाच मादीच्या एका सडात बारक्यासाठी एक दूध आणि शेजारच्या सडात बाहेर हिंडणाऱ्या थोरल्यासाठी दुसरं, अशी सोय निसर्गाने केलेली आहे. गायीचं दूध पाजलं तर त्यातली साखर या पिल्लांना पचत नाही, हगवण लागते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. म्हणून वयाप्रमाणे टप्प्याटप्प्याची खास पावडर वापरतात. बिनलवेच्या पिल्लाची पिशवी बत्तीस अंशांच्या आसपास ठेवावी लागते, लव आली की अठ्ठावीस. दर तीन-चार तासांनी बाटली, प्रत्येक बाटलीनंतर ओल्या बोळ्याने पुसून शी-शू करवणं, दर आठवड्याला वजन, पावलाची आणि शेपटीची लांबी मोजणं. रात्री दोनचा गजर. नोकरी करणाऱ्या एकट्या माणसाला हे झेपत नाही, आणि झेपतं असं दाखवणाऱ्याचं पिल्लू आजारी पडतं.

माझं पहिलं पिल्लू माझ्या चुकीने गेलं. दिवाळीचे दिवस होते, घरी फराळाला माणसं. मी मोठ्या कौतुकाने तिला सगळ्यांना दाखवलं. वीसेक जणांनी हातात घेतलं, फोटो काढले, मुलं किंचाळत होती. ती गप्प होती आणि मला वाटलं, किती शहाणी आहे! भीतीने थिजलेलं पिल्लू असंच गप्प असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिने दूध सोडलं, जुलाब सुरू झाले, पाचव्या दिवशी ती गेली. तेव्हापासून माझ्याकडचं पिल्लू पाहुण्यांना दिसत नाही, कितीही जवळचे असोत. तुमच्या गटातही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि फोटोंच्या बाबतीत तर फारच कडक राहा.

पिल्लं एकेकटी वाढवत नाहीत. बरोबरीची दोन-तीन एकत्र ठेवतात, म्हणजे ती माणसाऐवजी एकमेकांना धरून राहतात. मोठी होत गेली की माणसांनी हळूहळू मागे सरायचं, बाटली देणारा सोडून कुणी जवळ जायचं नाही. दीड वर्षाच्या सुमारास मोठ्या कुंपणातून, फाटक उघडं ठेवून, आपापल्या मनाने बाहेर पडू द्यायचं. काही त्याच संध्याकाळी जातात, काही महिनाभर येऊन-जाऊन असतात. एके दिवशी हाक मारली तर कान वळवतात आणि येत नाहीत. त्या दिवशी मी घरी येऊन रडते आणि खूप आनंदात असते.

म्हणजे दहा घरांतल्या एखाद्यालाच पिल्लू वाढवता येईल. बाकीच्यांनी काय करायचं? खरं तर काम तिथेच जास्त आहे. दोन-तीन जण रात्रीच्या फोनसाठी, पाळ्या लावून. एक जण नोंदींसाठी: कुठे अपघात झाला, किती वाजता, नर की मादी. वर्षभराच्या नोंदी नकाशावर मांडल्या की दिसतं, अपघात सगळ्या रस्त्यावर होत नाहीत, एक-दोन ठरावीक ठिकाणीच होतात. तो कागद घेऊन कौन्सिलकडे गेलं की वेगमर्यादा, फलक, कडेचं गवत कापणं यावर बोलता येतं. नुसत्या हळहळीवर कुणी काही करत नाही. कांगारूंना हुसकावण्यासाठी गाडीला लावायच्या आवाजाच्या उपकरणांवर पैसे घालू नका. मेलबर्न विद्यापीठात अशा एका उपकरणाचा अभ्यास झाला आहे, कांगारूंच्या वागण्यात फरक पडला नाही. पहाटे आणि संध्याकाळी गाडी सावकाश चालवणं, आणि एक ओलांडून गेला की त्याच्या मागचा येईपर्यंत थांबणं, हे मात्र उपयोगी पडतं.

ज्यांना बाहेर पडता येत नाही त्यांनी अनाथ पिल्लांना ठेवायच्या कापडी पिशव्या शिवाव्यात. २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांनंतर जगभरातून इतक्या पिशव्या शिवून आल्या, की शेवटी 'आता पाठवू नका' असं सांगायची वेळ आली. तेव्हा मी व्हिक्टोरियाच्या पूर्वेला, गिप्सलँडकडे मदतीला होते. भाजलेल्या तळव्यांची पट्टी भूल देऊन बदलताना खाली अंथरायला स्वच्छ सुती कापडच लागायचं, आणि ते संपायचं नाही हे या लोकांमुळे. पण वणवा विझला की ओघ आटतो आणि अनाथ पिल्लं बारा महिने येत असतात. माझी आई सहा महिने इथे राहायला येते तेव्हा जुन्या सुती साड्यांचे आतले अभ्रे शिवते. कृत्रिम धाग्याचं कापड चालत नाही. अनेकदा धुतलेली साडी सगळ्यात उत्तम, तिच्याइतकं मऊ काही नाही. शिवण बाहेरच्या बाजूला यायला हवी आणि आत एकही सुटा दोरा नको, नखं अडकतात, बोटाला फास बसतो. आईने पहिल्या खेपेला सवयीने गोधडीसारखा धावदोरा घातला होता. पिल्लाचं नख त्यात अडकलेलं पाहिल्यावर तिने सगळे अभ्रे एका दुपारी उसवले आणि पुन्हा शिवले. पिल्लू रोज दोन-तीन अभ्रे ओले करतं, म्हणजे ढिगाने लागतात. तुमच्या गल्लीतल्या आज्यांना आजच कामाला लावा.

यापेक्षा अवघड प्रश्न तुमच्या माळाचाच आहे. एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला रस्ता, तिसरीकडे नवीन बांधकामाचं पत्र्याचं कुंपण. असा कळप कोंडला जातो. भूल देऊन उचलून दुसरीकडे सोडा, असं लोक सहज सांगतात. ताणाने त्यातले बरेच मरतात, आणि म्हणूनच सरकारी यंत्रणा सहसा त्याला परवानगी देत नाही. उपाय बांधकामाच्या आधी करायचा असतो: घरं आतल्या बाजूने बाहेर अशी टप्प्याटप्प्याने बांधत जायची, म्हणजे कळप मोकळ्या रानाकडे सरकत जातो, आणि मध्ये वाट राखायची. मेलबर्नच्या वाढत्या कडेला नव्या वसाहतींच्या परवान्यांत कांगारू व्यवस्थापनाचा आराखडा करण्याची अट असते. तुमच्या शेजारच्या पुढच्या टप्प्याचा आराखडा कौन्सिलकडे मागा आणि वाचा. प्लेंटी गॉर्जच्या, म्हणजे जवळच्या नदीच्या घळीतल्या राखीव रानाच्या, दिशेने वाट खरंच मोकळी ठेवली आहे का, ते प्रत्यक्ष चालून बघा. एकट्याच्या पत्राला साचेबंद उत्तर येतं. चाळीस घरांच्या सह्या, सोबत वर्षभराच्या अपघातांचा नकाशा, यावर बैठक लावावीच लागते.

शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण काढू नका. त्याचं कुंपण मोडतं, चारा जातो, आणि त्याला कायद्याने परवानगी काढून कांगारू मारताही येतात. मी मारण्याच्या विरोधात आहे आणि ते लपवत नाही. पण माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने वरची काटेरी तार काढून साधी तार लावली, ती आम्ही दोन शनिवार त्याच्यासोबत राबलो म्हणून. त्या कुंपणात नंतर एकही पाय अडकला नाही, आणि तारेत अडकलेलं जनावर दिसलं की पहिला फोन आता तोच करतो.

जाता जाता, 'कांगारू' म्हणजे 'मला ठाऊक नाही' ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलेली असते. ती खरी नाही. १७७० मध्ये कुकच्या जहाजावरच्या लोकांनी आताच्या कुकटाउनजवळ गूगू यिमिधिर लोकांकडून हा शब्द ऐकला, आणि त्यांच्या भाषेत 'गंगुरू' हे एका मोठ्या कांगारूचंच नाव आहे. स्थानिकांनी बरोबर सांगितलं होतं. तुमचा माळ वुरुंडजेरी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भूमीवर आहे. गट सुरू करताना त्यांच्या प्रतिनिधींना भेटा. आम्ही हे फार उशिरा केलं, याची मला खंत आहे.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात. मग ऑफिसातून घरी यायची वेळ आणि कळपाची रस्ता ओलांडायची वेळ एकच होते, आणि आमचे सगळ्यात वाईट महिने सुरू होतात. त्याआधी दोन-तीन गाड्यांत सामान तयार असू द्या: हातमोजे, टॉर्च, कात्री, सेफ्टी पिना, चार सुती अभ्रे, गरम पाण्याची पिशवी, जाकीट, रंगाचा डबा. आणि तुमच्यातल्या दोघांनी एखाद्या शुक्रवारी रात्री माझ्यासोबत या, मेलेली मादी कशी तपासायची ते हातात हात धरून दाखवते. गाडीत जागा आहे. जाड बूट घालून या, आणि केस बांधून.